दर्यावरचा संसार

शिडाच्या होडीत बिऱ्हाड थाटून, पोराबाळांसह, उष्ण कटिबंधातल्या बेटांमधून वर्षानुवर्षे हिंडणाऱ्या कुटुंबांच्या हकिगती अधूनमधून आपल्या वाचनात येतात. हल्ली त्यांच्या चित्रफितीही निघतात. निळे पाणी, पांढरी वाळू, माडांची रांग, आणि होडीच्या काठावरून पाण्यात सूर मारणारी उघडी पोरे! हे पाहून आपल्याकडचा माणूस दोहोंपैकी एक उद्गार काढतो. एक म्हणतो, ‘‘काय भाग्यवान मुले!’’ दुसरा म्हणतो, ‘‘काय बेजबाबदार आईबाप!’’ मग दोघांचा वाद जुंपतो, आणि फराळाचे ताट संपेपर्यंत तो चालतो. माझे म्हणणे असे, की हे दोघेही चुकतात, आणि दोघांची चूक एकच आहे. दोघांचीही नजर सुकाणू धरून बसलेल्या बापावर खिळलेली असते. एकाला तो वीर वाटतो, दुसऱ्याला वेडा. होडीच्या पोटात, चुलीपाशी आणि अरुंद बाकावर बसलेली जी बाकीची माणसे आहेत त्यांना, ‘बाबांनो, तुम्हांला उतरायचे आहे काय?’ हा साधा प्रश्न कुणी विचारीत नाही.

आधी बेजबाबदारपणाचा आरोप घेऊ. कारण तोच मोठ्या आवाजात केला जातो. २०१४ च्या एप्रिल महिन्यात एक तरुण अमेरिकन जोडपे दोन मुलींना घेऊन मेक्सिकोहून पॅसिफिक महासागर ओलांडायला निघाले होते. थोरली तीन वर्षांची, धाकटी एक वर्षाची. किनाऱ्यापासून सुमारे ९०० मैलांवर धाकटी आजारी पडली, आणि होडीनेही दगा दिला. मदतीची हाक गेली. विमानातून हवाई छत्र्या घेऊन जवान समुद्रात उतरले. मागाहून नौदलाची युद्धनौका आली, चौघांनाही घेऊन गेली, आणि होडीला तिथेच जलसमाधी मिळाली. माणसे सुखरूप परतली. पण नंतर त्या आईबापांवर शब्दांचा जो भडिमार झाला, तो समुद्राच्या लाटांहून जबर होता. तान्ह्या पोरीला समुद्रावर नेतेच कोण? सरकारी पैसा कुणाच्या लहरीपायी उधळायचा? मुले काढून घ्या यांच्यापासून!

हा आरोप मला पोकळ वाटतो. समुद्रात धोका आहे, याबद्दल वाद नाही. पण आपल्या शहरांतला नित्याचा देखावा आठवा. एकच स्कूटर, पुढे एक पोर उभे, मधे एक चेंगरलेले, मागे एका कुशीवर बसलेली आई, आणि शिरस्त्राण एकट्या बापाच्या डोक्यावर. ही वरात भर रहदारीतून, मोटारींच्या आणि ट्रकांच्या मधून जाते. तिला आपण बेजबाबदार म्हणत नाही. लग्नाला निघालेले कुटुंब म्हणतो. धोका ओळखीचा झाला की तो धोका वाटेनासा होतो, एवढाच याचा अर्थ. त्या मानाने होडीवरची बहुतेक माणसे सावध असतात. पोरांच्या अंगाला पट्टे असतात, ते दोराला अडकवल्याशिवाय त्यांना वर येऊ देत नाहीत. होडीच्या कठड्याला सगळीकडून जाळी बांधतात. रात्री नवरा-बायको पाळीपाळीने जागतात. दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम. त्याच्या आधीच शहाणी होडी उष्ण कटिबंध सोडून न्यूझीलंडची वाट धरते. ही काही बेपर्वाईची लक्षणे नव्हेत.

शिवाय समुद्राला भिण्याचा सल्ला देण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. समुद्र ओलांडला म्हणून आपण माणसांना प्रायश्चित्ते दिली आहेत. ज्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांचे आरमार फिरले, त्या किनाऱ्यामागच्या घाटमाथ्यावर समुद्र म्हणजे सुट्टीत जाऊन पाय भिजवण्याची जागा होऊन बसली. नौदलातले दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांचे नाव आपल्या किती मुलांना माहीत आहे? तेव्हा होडीवाल्यांना धोक्याचा हिशेब मागायला निघालेल्यांनी जरा दमाने घ्यावे.

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे वीरपूजकांकडे वळू. यांचे चित्र मोहक आहे. आणि कबूल करायला हवे, ते खोटेही नाही. पनामाचा कालवा ओलांडला की होडी गालापागोस बेटांवरून मार्केझास बेटांकडे निघते. ही मजल सुमारे ३००० सागरी मैलांची. तीन-चार आठवडे जमीन दिसत नाही. व्यापारी वारे पाठीशी असतात. शीड एकदा नीट लागले की दिवसचे दिवस दोराला हात लावावा लागत नाही. पुढे तुआमोतूची प्रवाळाची कंकणे, मग ताहिती, कुक बेटे, टोंगा, फिजी. या वाटेला खलाशांनी नावच मुळी नारळाच्या दुधाचे दिले आहे. कंकणाच्या आतल्या शांत पाण्यात शिरताना सूर्य पाठीमागे आणि डोक्यावर असावा लागतो. तरच पाण्याखालचा प्रवाळ रंगावरून ओळखता येतो. अशा वेळी डोलकाठीवर चढून, ‘‘डावीकडे! अजून डावीकडे!’’ असे ओरडणारे दहा वर्षांचे पोर जे शिकते, ते कुठल्या वर्गात शिकवता येणार आहे?

मान्य. पण हे चित्र काढणाऱ्याने कुंचला खाली ठेवून जरा होडीच्या पोटात उतरावे. तीन-चार आठवड्यांचे सामान भरायचे असते, आणि वाटेत वाण्याचे दुकान नसते. अंडी घ्यायची ती न धुतलेली, कारण धुतलेले अंडे लवकर नासते. आणि शीतकपाट नसेल तर दर थोड्या दिवसांनी एकेक अंडे हाताने उलटे करून ठेवायचे. पुठ्ठ्याचे खोके आत येऊ द्यायचे नाही, कारण त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. स्टोव्ह पाळण्यासारखा टांगलेला. होडी कलली तरी पातेले सरळ राहते, पण स्वयंपाक करणारी बाई सरळ राहत नाही. ती कमरेला पट्टा बांधून उभी असते. कपडे बादलीत, आणि खाऱ्या पाण्यात धुतले तर ते कधी वाळतच नाहीत, मीठ हवेतली ओल ओढून घेते. प्रवाळातला मासा सुंदर दिसतो, पण त्यातल्या काहींच्या अंगात सिग्वाटेराचे विष असते. त्याला वास नाही, चव नाही, आणि कितीही शिजवले तरी ते जात नाही. तेव्हा बेटावरच्या माणसांना विचारल्याखेरीज घरधनिणीने तो चुलीवर चढवायचा नाही. एवढे झाले की त्याच टेबलावर पोरांचे टपालाने आलेले धडे घ्यायचे. आणि रात्री दोन वाजता पहाऱ्याची पाळी आहेच. ‘आम्ही सगळ्या कटकटी मागे टाकल्या’ असे जेव्हा होडीचा कप्तान लिहितो, तेव्हा त्या कटकटी कुणाच्या पुढ्यात येऊन पडल्या हे त्याने लिहिलेले नसते. अलीकडे काही जोडपी कामे वाटून घेतात, बायका स्वतः सुकाणू धरतात. पण अजून पुष्कळ होड्यांवर वर आणि खाली हा भेद शिल्लक आहे, आणि तो नुसता पायऱ्यांचा नाही.

या संदर्भात जोशुआ स्लोकमची गोष्ट सांगितली पाहिजे. शिडाच्या होडीतून हिंडणारे सारे लोक या माणसाला आद्यपुरुष मानतात. कारण १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने जगाची प्रदक्षिणा करणारा तो पहिला. पण एकटा होण्यापूर्वी तो संसारी होता, आणि त्याचा संसार गलबतावरच चालला होता. पहिली बायको व्हर्जिनिया. तिला सात मुले झाली, ती सगळी समुद्रावर नाहीतर परक्या बंदरांत. त्यांतली चारच मोठी झाली. ती स्वतः १८८४ मध्ये ब्वेनोस आइरेस इथे वारली, तेव्हा तिचे वय चौतीस होते. दोन वर्षांनी स्लोकमने हेट्टी नावाच्या चोवीस वर्षांच्या मुलीशी लग्न केले, आणि तिलाही गलबतावर घेतले. १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर ते गलबत फुटले. स्लोकमने मोडक्या गलबतातले सामान आणि रानातले लाकूड घेऊन ३५ फूट लांबीची एक होडी बांधली. तिची शिडे शिवली हेट्टीने. कारण ती शिवणकाम जाणत होती. १३ मे १८८८ रोजी होडी पाण्यात लोटली. त्याच दिवशी ब्राझीलमधल्या गुलामांना मुक्त करणारा कायदा झाला होता, म्हणून स्लोकमने होडीचे नाव ठेवले ‘लिबेर्दादे’, म्हणजे स्वातंत्र्य! त्या होडीतून नवरा, बायको आणि दोन मुलगे ५५०० मैलांचा प्रवास करून अमेरिकेला सुखरूप पोचले. हा पराक्रम खराच थोर आहे, आणि स्लोकमने तो लिहिलाही आहे झकास.

पण पुढे काय झाले? हेट्टीने पुन्हा नवऱ्याबरोबर दूरच्या प्रवासाला पाऊल टाकले नाही. ज्या जगप्रदक्षिणेने स्लोकम अमर झाला, ती एकट्याने झाली याचे कौतुक सगळे करतात. ‘स्वातंत्र्या’ची शिडे शिवणाऱ्या बाईने जमिनीवर राहणे पसंत केले होते, ही गोष्ट त्या कौतुकात कुठेच बसत नाही. तिला कुणी भित्री म्हणेल तर म्हणो. मला ती त्या घरातली सर्वांत स्पष्ट बोलणारी व्यक्ती वाटते.

आपल्या कोळीवाड्यातला रिवाज यापेक्षा शहाणपणाचा आहे, असे माझे मत आहे. तिथे होडी आणि जाळे पुरुषाकडे. पण मासळी धक्क्याला लागली की तिचा भाव, तिची विक्री आणि आलेला पैसा बाईच्या हाती. समुद्रावर काय घडेल हे नवऱ्याने पाहावे, पण घरात काय घडेल हे ठरवणारी ती आहे. तिची टोपली तिची स्वतःची असते. मधल्या समुद्रात तीन आठवडे चाललेल्या होडीवर बाईला स्वतःची अशी टोपली कुठून मिळणार?

बायको निदान लग्नाची बाई आहे. ती ‘नाही’ म्हणू शकते, हेट्टीने म्हटले तसे. पोरांचे काय? इथे मला दोन ब्रिटिश कुटुंबांची तुलना करायची आहे. आणि ती करताना माझा कौल वाचकांना विचित्र वाटेल, याची मला जाणीव आहे.

पहिले कुटुंब डुगल रॉबर्टसनचे. हा पूर्वीचा दर्यावर्दी, पुढे शेतकरी झालेला. बायको लिन परिचारिका. शेत विकून त्यांनी ‘ल्युसेट’ नावाची जुनी लाकडी होडी घेतली आणि १९७१ च्या जानेवारीत फॅल्मथ बंदरातून चार मुलांसह निघाले. १५ जून १९७२ रोजी गालापागोसच्या पश्चिमेला सुमारे २०० मैलांवर मारक देवमाशांनी होडीला धडका दिल्या, आणि पाहता पाहता ती बुडाली. नवरा-बायको, तीन मुलगे आणि पनामाला बरोबर आलेला एक तरुण, असे सहाजण आधी रबरी तराफ्यावर आणि तो निकामी झाल्यावर एका चिमुकल्या डिंगीत, ३८ दिवस समुद्रावर होते. पावसाचे पाणी, कासवांचे मांस आणि रक्त यांवर ते जगले. शेवटी एका जपानी मच्छीमार जहाजाला दिसले. सहाही जिवंत! बेजबाबदारपणाचा खटला भरायचा तर याहून भक्कम पुरावा कुठला मिळणार?

पण सहाजण होते, म्हणजे चार मुलांपैकी एक त्यांत नव्हते. थोरली मुलगी ॲन बहामा बेटांत उतरली होती. तिला पुढे जायचे नव्हते, आणि तिला उतरू दिले गेले. डुगलच्या शहाणपणाबद्दल कुणी काय म्हणायचे ते म्हणावे. त्याच्या होडीला एक दार होते, आणि ते आतून उघडत होते.

दुसरे कुटुंब सुझान हेवुडचे. १९७६ मध्ये ती सात वर्षांची असताना तिचे वडील गॉर्डन कुक बायको, मुलगी आणि मुलगा यांना घेऊन ‘वेव्हवॉकर’ नावाच्या मोठ्या शिडाच्या नौकेतून इंग्लंडहून निघाले. त्यांना कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीचा माग काढायचा होता. त्या सफरीला तेव्हा २०० वर्षे होत होती. बेत तीन वर्षांचा. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडे एका प्रचंड लाटेने नौका झोडपली. सुझानची कवटी फुटली, नाक मोडले. त्या अफाट पाण्यात ॲम्स्टरडॅम नावाचे एक लहानसे फ्रेंच बेट आहे. नशिबाने ते सापडले. तिथल्या डॉक्टरने त्या सात वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर भूल न देता अनेकदा शस्त्रक्रिया केल्या. एवढे वाचले की आपले बेजबाबदारवाले लगेच म्हणतील, ‘‘बघा! आम्ही सांगत नव्हतो?’’

नाही, तुम्ही हे सांगत नव्हता. ही लाट हा गॉर्डन कुकवरचा आरोप नव्हे. लाट कुणावरही येते. खरा आरोप लाटेनंतरचा आहे. मुलगी बरी झाली, आणि प्रवास पुढे चालू राहिला. तीन वर्षे संपली, प्रवास चालूच. तिने मोठी झाल्यावर, २०२३ मध्ये, ‘वेव्हवॉकर’ याच नावाने आत्मकथन लिहिले. त्यात ती सांगते, की घरी जाऊ या, शाळेत जायचे आहे, असा तिचा हट्ट होता, आणि तो नेहमी पुढे ढकलला जाई. तीनाची जवळजवळ दहा वर्षे झाली. पैसे पुरेनात तेव्हा भाड्याने उतारू घ्यायचे. त्यांच्यासाठी रांधणे-धुणे करायला ती खाली, आणि धाकटा भाऊ वर, शिडापाशी. टपालाने मागवलेले धडे ती पोटाशी धरून करी. कुठल्या बंदरात टपाल गाठ पडेल याचा नेम नसे. मैत्रीण मिळाली की ती तीन आठवड्यांची. मग नांगर उचलायचा. सोळाव्या वर्षी तिला आणि भावाला न्यूझीलंडमध्ये एका सरोवराकाठच्या झोपडीवजा घरात ठेवून आईबाप पुन्हा समुद्रावर गेले. तिथून एकटीने अभ्यास करून, विद्यापीठांना पत्रे लिहून, तिने ऑक्सफर्डमध्ये जागा मिळवली. पुढे ती मोठमोठ्या हुद्द्यांवर गेली. पण त्या यशाचे श्रेय होडीला द्यायला कुणी निघाला, तर त्याने आधी ते पुस्तक वाचावे.

म्हणून म्हणतो, ‘ल्युसेट’ बुडाली तरी ‘वेव्हवॉकर’पेक्षा बरी. ३८ दिवसांच्या यमयातना मी हलक्या लेखीत नाही. पण दहा वर्षांचे बंद दार मला त्याहून भारी वाटते. यातना भोगताना बाप पोरांच्या बरोबर होता, त्यांच्यासाठी झगडत होता. इथे बाप पोरीच्या समोर उभा होता, दार अडवून. आणि ती जागा कोणती? तर पर्यटनाच्या भित्तिपत्रकांवर असते ती: निळे पाणी, पांढरी वाळू, माडांची रांग.

यावर कुणी विचारील, की कायदा काय करीत होता? कायद्याची गंमत पाहा. लॉरा डेकर ही डच मुलगी. तिचा जन्मच मुळी १९९५ मध्ये न्यूझीलंडमध्ये झाला, आईबापांच्या अशाच एका लांबच्या सागरी प्रवासात. तेराव्या वर्षी ती म्हणाली, मी एकटी पृथ्वीप्रदक्षिणा करणार. लगेच डच सरकार जागे झाले. २००९ मध्ये न्यायालयाने तिला बालकल्याण खात्याच्या देखरेखीखाली ठेवले, आणि वर्षभराच्या झगड्यानंतर २०१० मध्ये तिला मोकळीक मिळाली. २०१२ च्या जानेवारीत, सोळा वर्षांची असताना, तिने प्रदक्षिणा पुरी केली. म्हणजे ज्या मुलीला समुद्रावर जायचे होते, तिला थोपवायला न्यायाधीश, तज्ज्ञ, खाती सारी हजर! आणि ज्या मुलीला जमिनीवर यायचे होते, तिची तक्रार ऐकायला कुठल्याही बंदरात साधा कारकूनही नव्हता. कारण ती आज फिजीत, तर उद्या भलतीकडे. मुलांना आपल्याबाबतच्या निर्णयांत बोलण्याचा हक्क आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या करारात १९८९ पासून लिहिलेले आहे. पण बारा मैलांपलीकडच्या पाण्यात तो करार वाचून दाखवणार कोण? तिथे कप्तान हाच बाप, हाच हेडमास्तर आणि हाच न्यायाधीश.

‘जग हीच शाळा’ असे या मंडळींचे एक आवडते वाक्य आहे. ते सात-आठ वर्षांच्या पोराच्या बाबतीत बरेच खरे आहे. त्या वयात आईबाप हेच जग असते, आणि आईबाप चोवीस तास जवळ असणे यासारखे सुख नाही. चार-सहा महिने, वर्ष-दोन वर्षे अशी भटकंती करून परतणाऱ्या कुटुंबांशी माझे भांडण मुळीच नाही. उलट त्यांचा मला हेवा वाटतो. पण मूल तेरा-चौदाचे झाले की त्याला आईबापांखेरीजची माणसे लागतात. त्याला आपली वेगळी खोली नव्हे, तर आपली वेगळी गल्ली लागते. चाळीस फुटांच्या होडीवर ती कुठून आणणार? जग फार मोठे आहे, हे खरे. पण होडी फार लहान आहे, हेही तितकेच खरे, आणि पोर राहते ते होडीत.

या स्वातंत्र्याला आणखी एक बाजू आहे. अंदमानच्या समुद्रात, ब्रह्मदेशाच्या मेर्गुई द्वीपसमूहापासून थायलंडच्या सुरिन बेटांपर्यंत, मोकेन नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या होडीत संसार करीत आले. त्यांच्या होडीला ‘काबांग’ म्हणतात. नवरा, बायको, पोरे, कुत्री, चूल सगळे तिच्यात. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा समुद्र एकाएकी मागे सरकलेला पाहून सुरिन बेटांवरच्या म्हाताऱ्या मोकेनांनी जुन्या गोष्टींतली मोठी लाट ओळखली, आणि वस्ती डोंगरावर नेली. दर्यावरच्या संसाराचे ज्ञान म्हणतात ते हे! पण या लोकांतल्या अनेकांना कोणत्याच देशाचे नागरिकत्व नाही. सुरिन बेटे १९८१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली. आता काबांगसाठी झाड तोडणे हा गुन्हा ठरतो. बहुतेक मोकेन आज जमिनीवर झोपड्यांत राहतात, आणि तेही आपखुशीने नव्हे. त्यांच्याच जातकुळीतले बोर्निओच्या किनाऱ्यावरचे बजाऊ लाऊत; सेंपोर्नाजवळच्या सागरी उद्यानातली त्यांची पाण्यावरची घरे २०२४ च्या जूनमध्ये मलेशियात पाडण्यात आली.

त्याच पाण्यात युरोप-अमेरिकेतल्या कुटुंबांच्या पांढऱ्या होड्या नांगर टाकतात. त्यांच्यापाशी पारपत्र असते, बँकेत खाते असते, आणि पोर आजारी पडले तर फुकेतहून विमान असते. त्यांनी वर्षभर होडीत संसार केला की त्याला साहस म्हणतात. मोकेनांनी हजार वर्षे केला की त्याला अतिक्रमण! पांढऱ्या होडीतल्या माणसांचा हा दोष आहे असे मी म्हणत नाही. पण आपण ‘मुक्त’ आहोत असे ते लिहितात तेव्हा ती मुक्ती वाऱ्याने दिलेली नसून कागदाने दिलेली आहे, एवढे त्यांनी ध्यानात ठेवावे. ज्याला हवे तेव्हा परतता येते, त्यालाच भटकणे गोड लागते. कप्तानाला परतीची वाट होती. मोकेनाला ती नाही. आणि दुःखाची गोष्ट अशी, की कप्तानाच्या पोटच्या पोरीलाही ती नव्हती. या एका बाबतीत ती मोकेनांच्या पंक्तीला बसली होती, बापाच्या नव्हे.

आपली मराठी मंडळी हे सारे वाचून खूश होतील, की बरे झाले, आम्ही असले काही केले नाही. त्यांना जाता जाता एवढेच विचारावेसे वाटते, की आठवीतल्या पोराला भल्या पहाटे उठवून, दोन शिकवण्या आणि एक शाळा अशा त्रिस्थळी यात्रेला धाडताना, ‘तुला उतरायचे आहे काय?’ असे आपण विचारले होते काय? आपल्या त्या होडीला शीड दिसत नाही, इतकाच फरक. असो, तो विषय निराळा, आणि या दिवाळीत तो काढला तर लाडू कडू लागतील.

होडीवाल्यांकडे माझे मागणे लहानसे आहे. घर विकून होडी घेताना, शिडे, दोर, सौरपट्ट्या, खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र, यांसाठी पैसा बाजूला काढता ना? मग प्रत्येक मुलाच्या नावाने परतीच्या विमानभाड्याची रक्कमही बाजूला काढा, आणि तिला होडीच्या दुरुस्तीसाठी हात लावू नका. मायदेशी आत्या, मामा, आजी, जे कुणी मुलाला ठेवून घेईल, त्याच्याशी निघण्यापूर्वी बोलून ठेवा. जिथे विमानतळ आहे अशा प्रत्येक बंदरात मुलाला बाजूला घेऊन विचारा. आणि ते उत्तर नोंदवहीत मुलाच्या हाताने लिहून घ्या. त्या नोंदवहीत वाऱ्याची दिशा, हवेचा दाब, तुटलेला दोर, पकडलेला मासा, सगळ्याची नोंद असते. पोराच्या दोन ओळींना जागा अपुरी पडायची नाही.

कुणी म्हणेल, पोराने उत्तर ‘नाही’ असे दिले तर सारा बेतच कोसळेल. कशाला कोसळेल? ॲन रॉबर्टसन बहामा बेटांत उतरली. ‘ल्युसेट’ पुढे पनामाला गेली, कालवा ओलांडून पॅसिफिकमध्ये उतरली. एका मुलीने उतरायचे ठरवले म्हणून कुणाचा प्रवास अडला नव्हता.